आठवड्याचा हिशेब आईच्या ताटापासून

पैसा कमी पडला की घरातली कात्री आधी कुठे चालते? खोलीच्या भाड्याला ती लावता येत नाही. लाईट बिल थांबत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांना हात लावायचा नाही असे आपण ठरवलेलेच असते. मग कात्री लागते बाजाराच्या पिशवीला. पिशवी हलकी झाली तरी सगळ्यांची ताटे सारखी हलकी होत नाहीत. कमावत्या माणसाला पोटभर लागते, मुलांना कमी वाढवत नाही, सासूबाईंना औषधाआधी जेवायचे असते. राहिली ती स्वयंपाक करणारी. तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचे कालवण, अर्धी भाकरी आणि वर कपभर चहा येतो. "मला भूकच नव्हती" हे वाक्य आपल्या वस्तीत किती घरांत रोज बोलले जाते, ते आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण १०० मागे ६७ होते. जिना चढताना धाप लागणे, सारखी चक्कर येणे, हातपाय गळून जाणे, केस गळणे ही दुखणी आपण "कामाने थकवा येतो" म्हणून सोडून देतो. त्यातली बरीच दुखणी ताटातून येतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येत असलेल्या बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे तिची गरज त्याच्या दीडपट आहे, आणि घरात सगळ्यात कमी लोह तिच्याच ताटात पडते. म्हणून या पानावर आम्ही आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मांडत आहोत, तो एका अटीवर: घरातल्या बाईचा वाटा पहिल्यांदा मोजायचा, उरले-सुरले म्हणून नाही.

पैसा कुठून गळतो?

आधी गळती पाहू. एक नमुन्याचे घर घेऊ. नवरा-बायको, आजी, बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, अशी पाच माणसे. दोन मुले रोज दोन-दोन वेळा पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा आणतात, त्याचे २० रुपये झाले. कामावर दोन वेळा बाहेरचा चहा, आणखी २० रुपये. तंबाखूची पुडी, घरातल्या मोठ्यांची मिश्री धरून २० रुपये. दिवसाला ६० म्हणजे आठवड्याला ४२० रुपये. अंडे ७ रुपयांना धरले तर या पैशांत ६० अंडी येतात.

हे कुणाला खजील करण्यासाठी सांगत नाही. रोजंदारीवरच्या घरात पैसा रोज येतो, म्हणून खरेदीही रोज होते. संध्याकाळी मजुरी हातात पडली की दहाचे तेल, वीसची डाळ, पाचची चहापावडर. सुटे घेतले की भाव जास्त बसतो. आणि दिवसातून चार वेळा दुकानाची पायरी चढली की हातात काही ना काही जास्तीचे येतेच. उधारीची वही असेल तर भाव विचारायचीही सोय राहत नाही. दुकानदार देईल ते आणि म्हणेल त्या दराने घ्यावे लागते. घरचे जेवण महाग वाटते ते बरेचसे या सुट्या खरेदीमुळे.

आणखी एक गोष्ट आहे, ती पैशाची नाही, मनाची आहे. भाकरी-चटणी, सुकट, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी हे गरिबाचे खाणे, आणि चकचकीत पुडा म्हणजे सुधारलेले खाणे, अशी समजूत मुलांच्या आणि कधी कधी आपल्याही मनात बसली आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची नोंद करून ठेवली आहे. ज्या खाण्याची लाज वाटायला लावली गेली, ते आता पुस्तकात मानाने नोंदले गेले आहे. पोषणाच्या हिशेबातही त्यातले बरेच पदार्थ पुड्यातल्या खाण्यापेक्षा कितीतरी वरचे आहेत. पुड्यात प्रामुख्याने मैदा किंवा मक्याचे पीठ, तेल आणि मीठ असते. सुकटीत, हुलग्यात, शेंगदाण्यात अंग भरणारी प्रथिने असतात.

रेशन किती दिवस पुरते?

अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. सध्या ते मोफत आहे. जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही सोय वाढवलेली आहे.

आपल्या नमुन्याच्या घराला पाच माणसांचे २५ किलो मिळतात. पाच जणांना दिवसाला साधारण १ किलो ४०० ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर २५ किलो सुमारे १८ दिवस जातात. म्हणजे रेशनवर सगळा महिना निघत नाही. आठवड्याचा हिशेब केला तर जवळपास ४ किलो धान्य विकत घ्यावे लागते. हे चार किलो शक्यतो ज्वारी, बाजरी किंवा नाचणी असावे. रेशनमध्ये बहुधा गहू-तांदूळ येतो. बाजरीत तांदळापेक्षा लोह कितीतरी जास्त असते आणि नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो.

इथे एक काम आजच करा. कार्ड काढून पाहा, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का? लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेले आणि सासरच्या कार्डावर चढवलेले नाही, अशी घरे आपल्यात आहेत. तिच्या नावाचे महिन्याचे ५ किलो धान्य कुठल्याच घरात येत नाही. लहान मुलांचेही तसेच. जन्मदाखला, आधार घेऊन नाव चढवण्याचा अर्ज करा. धान्य घेताना मशीनमधून निघालेली पावती मागून घ्या आणि पावतीवरचे वजन पिशवीतल्या वजनाशी ताडून पाहा. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात गेलेल्यांना तिथल्या रेशन दुकानातही आपल्या कार्डावर धान्य घेता येते. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे.

आठवड्याची यादी

खालची यादी वरच्या पाच माणसांसाठी आहे. भाव आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. ते गावागणिक आणि ऋतूगणिक बदलतात, तेव्हा आपल्या बाजारातले भाव घालून बेरीज पुन्हा करा.

ज्वारी किंवा बाजरी ४ किलो – १८० रुपये
तूर डाळ, मसूर, मटकी किंवा मूग आणि बेसन, प्रत्येकी अर्धा किलो – २२०
अंडी १५, म्हणजे अर्धा ट्रे – १०५
शेंगदाणे अर्धा किलो – ७०
सोयाबीन वडी पाव किलो – ३०
सुकट किंवा जवळा पाव किलो – १००
कोंबडीची पोटा-कलेजी अर्धा किलो – ८०
पालेभाजीच्या ७ जुड्या – १०५
वांगी, दुधी, भोपळा, गवार यांपैकी स्वस्त असेल ते २ किलो – १००
कांदे २ किलो, बटाटे १ किलो, टोमॅटो १ किलो – १२०
लिंबू, लसूण, मिरची, कोथिंबीर – ५०
तेल १ लिटर – १५०
गूळ अर्धा किलो, साखर अर्धा किलो – ५५
चहापावडर १०० ग्रॅम – ४०
दूध रोज अर्धा लिटर – २१०
मीठ, हळद, मसाला – ४०

बेरीज १,६५५ रुपये. माणशी दिवसाला ४७ रुपयांच्या आसपास. गॅस यात धरलेला नाही. आठवड्यात सहा दिवस काम मिळाले, तर रोज साधारण २७५ रुपये बाजाराच्या डब्यात टाकले की रविवारी एवढी रक्कम हातात येते.

ही यादी आणि रेशनचे धान्य मिळून माणशी रोज ५० ग्रॅमच्या वर प्रथिने बसतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम लागतात. तेव्हा पिशवीत सगळ्यांपुरते आले आहे. पण ही सरासरी आहे. पिशवीतले अन्न पाचही ताटांत पडले तरच ती खरी. वाटप कसे करायचे ते पुढे सांगतो.

घरात मांसाहार नसेल तर सुकट आणि पोटा-कलेजीचे १८० रुपये डाळ, सोयाबीन वडी, शेंगदाणे आणि दह्यावर खर्च करावेत. घरात कुणाला ब्लडप्रेशर असेल तर सुके मासे दोन-तीन पाण्यांत धुवावेत, कालवणात वरून मीठ कमी घालावे. गरोदर बाईने कलेजी वरचेवर खाऊ नये. त्या दिवशी तिच्यासाठी अंडे किंवा उसळ करावी.

एकदम आठवड्याचा बाजार परवडत नाही, मग?

रोज कमवून रोज आणणाऱ्या घराला पहिल्याच रविवारी सोळाशे रुपये कुठून येणार? येणार नाहीत. म्हणून एकेक वस्तू आठवड्यावर न्यायची.

पहिल्या आठवड्यात फक्त डाळी. पुडे आणि बाहेरचा चहा अर्ध्यावर आणला तरी १४० रुपये वाचतात. त्यात ८० घालून दोन किलो डाळ-कडधान्य एकदम आणा. बाकी सगळे नेहमीसारखे. दुसऱ्या आठवड्यात डाळीसाठी रोज दुकानात जायचे थांबलेले असते, तेव्हा तेलाची लिटरची पिशवी आणि शेंगदाणे घ्या. तिसऱ्या आठवड्यात धान्य, चौथ्या आठवड्यात अर्धा ट्रे अंडी आणि कांदे-बटाटे. महिनाभरात घर आठवड्याच्या बाजारावर येते आणि कर्ज काढावे लागत नाही. पालेभाजी मात्र दोन-तीन दिवसांचीच आणावी, ती टिकत नाही. आठवडी बाजार उठायच्या वेळेला, दिवे लागल्यावर गेले तर जुड्यांचे भाव उतरलेले असतात.

दुसरा मार्ग चार-पाच घरांनी मिळून घेण्याचा. पाच घरांची महिन्याची डाळ ४० किलो होते. एवढ्या मालाला घाऊक दुकानात भाव कमी लागतो. विहारात रविवारी वंदनेला बाया जमतातच, बचत गट तर बहुतेक वस्त्यांत आहे. तिथेच पैसे गोळा करावेत, वहीत लिहावेत, दोघींनी जाऊन माल आणावा आणि सगळ्यांसमोर तागडीवर मोजून वाटावा. दोन नियम पाळले तर भांडण होत नाही: उधार कुणालाच नाही, आणि वही कुणालाही पाहता येईल.

सात दिवस काय करायचे?

भाकरी किंवा पोळी रोज आहेच. भात एका वेळेला. त्याबरोबर:

सोमवार – सकाळी मुगाची डाळ घालून मेथी, रात्री मसुराची आमटी.
मंगळवार – सकाळी मटकीची उसळ, रात्री पिठले आणि कच्चा कांदा.
बुधवार – सकाळी तांदुळजा किंवा चवळईची भाजी, रात्री अंड्यांचा रस्सा, प्रत्येकी एक.
गुरुवार – सकाळी सोयाबीन वडीचा रस्सा, रात्री डाळ-कांदा.
शुक्रवार – सकाळी वांग्यात सुकट, रात्री पालेभाजी आणि उकडलेले अंडे, प्रत्येकी एक.
शनिवार – सकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाण्याचे कूट घालून. रात्री तुरीचे वरण आणि भोपळ्याची भाजी.
रविवार – दुपारी पोटा-कलेजी, रात्री डाळ-तांदळाची खिचडी आणि अंडे, प्रत्येकी एक.

सकाळी मुलांना चहा-खारी देण्याऐवजी रात्रीची भाकरी कुस्करून त्यात शेंगदाण्याचे कूट आणि गूळ घालून द्यावे. शाळेतून आल्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेली मटकी. मूल पुडा मागणारच. महिन्यातून दोन-चार वेळा दिला तर काही बिघडत नाही. रोजचा असू नये.

शेवग्याचे झाड वस्तीत कुठे ना कुठे असते आणि त्याचा पाला फुकट मिळतो. पावसाळ्यात घोळ, टाकळा, कुर्डू या रानभाज्या जुन्या बायांना ओळखता येतात. त्यांच्याकडून मुलींनी शिकून घ्यावे. मात्र गटारीच्या किंवा नाल्याच्या कडेची भाजी घेऊ नये.

तेच अन्न, जास्त फायदा

पैसा न लागणाऱ्या काही गोष्टी आहेत. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावे. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतले लोह अंगात जास्त शोषले जाते. लिंबू महाग असेल तेव्हा कच्चा टोमॅटो, चिंचेऐवजी कच्ची कैरी, थंडीत आवळा.

चहा जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेऊ नये. चहा लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यात तासाभराचे अंतर ठेवावे. भूक मारायला चहा पिणे ही आपल्या बायांची जुनी सवय आहे, आणि तिच्यामुळे आधीच कमी असलेले लोह आणखी कमी होते.

भाजी लोखंडी कढईत करावी, भाकरी लोखंडी तव्यावर. त्यातून थोडे लोह अन्नात उतरते. शिजलेली भाजी मात्र कढईत ठेवू नये, दुसऱ्या भांड्यात काढावी. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. मीठ आयोडीनचेच घ्यावे.

गॅस वाचवायचा तर कडधान्य रात्री भिजत घालावे. भिजलेले लवकर शिजते. कुकरमध्ये खाली डाळ, वर भात, पाण्यात बटाटा असे एकदम लावावे. शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. साध्या पातेल्यात डाळ शिजवत असाल तर दहा-पंधरा मिनिटे चांगली उकळून, झाकण घट्ट लावून, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवावी. आतल्या उष्णतेने ती पुढे शिजत राहते. नंतर एकदा उकळी आणून फोडणी द्यावी.

फ्रीज नसलेल्या घरात भात बेताचाच लावावा. सकाळचा भात उन्हाळ्यात रात्रीपर्यंत ठेवू नये. तो पुन्हा गरम केला तरी त्यातले विष जाईलच असे नाही. भाकरी, शेंगदाणा-जवस-कारळाची चटणी या गोष्टी टिकतात. अंडी सावलीत, हवेशीर ठेवावीत आणि उन्हाळ्यात एका वेळी तीन-चार दिवसांचीच आणावीत.

पैसे कमी पडले तर कशाला हात लावायचा?

काम मिळाले नाही, कुणी आजारी पडले, असा आठवडा येतोच. अशा आठवड्यात काय कमी करायचे हे आधी ठरलेले असावे. ठरलेले नसेल तर आईचे ताट कमी होते.

पहिली कात्री पुडे, बाहेरचा चहा, तंबाखूला. त्यानंतर यादीतले: दूध निम्मे केले तर १०५ रुपये, त्या आठवड्यात सुकट आणली नाही तर १००, फळभाजी एक किलो कमी केली तर ५०, तेल पाऊण लिटरवर भागवले तर साधारण ४०, चहा-साखर निम्मी केली तर साधारण ३०. मिळून ३२५ रुपये वाचतात आणि बाजार १,३३० वर येतो. निम्मे राहिलेले दूध चहात घालू नये, मुलांना द्यावे.

डाळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी या चार गोष्टींना हात लावू नये. त्या गेल्या की ताटात नुसते धान्य राहते. पोट भरते, पण रक्त वाढत नाही आणि मुलांची उंचीही.

वाढण्याची पद्धत

सगळा हिशेब इथे येऊन ठेपतो. बाजार नीट झाला, स्वयंपाक नीट झाला, आणि वाढताना पुन्हा तीच रीत राहिली तर काही बदलत नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. जेवणाआधी पाच ताटे एकदम मांडा आणि डाळ, भाजी, अंडे पाचही ताटांत आधीच वाढा. नंतर ज्याला लागेल त्याला भाकरी-भात जास्त घ्या. डाळीचा वाटा डोळ्याला कळत नाही, अंडे मात्र मोजता येते. पाच माणसांत पाच अंडी केली आणि शेवटी एक ताट अंड्याशिवाय राहिले, तर ते कुणाचे होते हे सगळ्यांना दिसते. बहुतेक घरांत ते आईचे असते. काही घरांत मुलीचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पाळी सुरू होते आणि त्याच वर्षांत तिची उंचीही वाढत असते. तिला भावापेक्षा कमी वाढणे म्हणजे पुढच्या पिढीच्या आईला आत्ताच अशक्त करणे आहे.

हे काम एकट्या बाईवर टाकू नये. "तूही जेव" एवढे म्हणून नवऱ्याने हात धुतले की ती मान हलवते आणि मागे राहते. त्याने तिचे ताट वाढून समोर ठेवावे आणि ती बसेपर्यंत थांबावे. आजींनीही सुनेला आधी बसायला सांगावे. त्यांचा शब्द घरात चालतो. ज्यांची पाळी वेगळी, कामावरून येण्याची वेळ वेगळी, त्यांनी सगळ्यांचा वाटा डब्यात काढून ठेवावा. आपला वाटा आधी काढणे याला हावरटपणा म्हणत नाहीत.

हक्काचे जे आहे ते घ्या

अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना, गरोदर बायांना आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आयांना पोषण आहार मिळतो. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचे जेवण असते. सरकारी नियमाप्रमाणे त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला १२ ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. मुलगा घरी येऊन "नुसता भात होता" म्हणत असेल तर पालकांनी शाळेत जाऊन पाहावे. शाळेत जेवला म्हणून घरचा त्याचा वाटा कमी करू नये.

ताटाने रक्तक्षय टळतो, पण एकदा रक्त खूप कमी झाले की नुसत्या ताटाने ते लवकर भरून येत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून मिळते. गरोदर नसलेल्या बाईचे १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय आहे. लोहाच्या गोळ्या तिथे किंवा आशाताईंकडे मोफत मिळतात. गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी घ्यायची असते. गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते, म्हणून बऱ्याच जणी मध्येच सोडतात. काळे होण्यात धोका नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, आणि बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मुलांना शाळेत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी दिली जाते, ती चुकवू नये. पोटात जंत असतील तर चांगले खाल्लेलेही अंगी लागत नाही.

या आठवड्यापुरती दोन कामे करा. एक वही घ्या आणि सात दिवस घरात आलेला प्रत्येक रुपया कशावर गेला ते लिहा. पुडा, चहा, पुडी, सगळे. आणि त्याच वहीच्या दुसऱ्या बाजूला, घरातल्या बाईने रोज रात्री काय आणि किती खाल्ले ते मुलीने किंवा मुलाने लिहावे: किती भाकरी, डाळ होती का, अंडे मिळाले का, जेवायला किती वाजता बसली. रविवारी दोन्ही पाने सगळ्यांनी मिळून वाचावीत. पुढच्या आठवड्याची यादी ती पाने समोर ठेवून करावी.